नखातला डिंक

असे किस्से कुणी ठरवून जमवत नाही. डबा खायला चौघी बसलो, एकीनं नख पुढं करून "बघ गं, डिंक अजून निघंना" म्हटलं, की मागचा एक आठवतो. त्याच्या मागून दुसरा येतो. आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहोत. मी, मंगलताई, शमीमभाभी आणि पद्मा. दिवसभर काम एकच. टॉवेलची घडी घालायची, पिशवीत सरकवायची आणि उजव्या कोपऱ्यात किमतीचं स्टिकर चिकटवायचं. आणि रविवारी घरी काय, तर जुन्या बाजारातून आणलेल्या वस्तूंवरची स्टिकरं खरवडायची! खोबरेल तेल, थिनर, नेलपॉलिशचं रिमूव्हर, गरम पाण्याचं फडकं. कशानं काय निघतं ते आम्हाला तोंडपाठ आहे.

जुनं घेण्यात लाज कसली, असं आम्ही एकमेकींना नेहमी सांगतो. मग खरवडतो कशाला, हे मात्र कुणी विचारत नाही.

*

मंगलताई माढ्याकडच्या, आमच्यात सगळ्यात मोठ्या. त्यांचे मिस्टर आमच्याच कारखान्यात यंत्रमागावर आहेत. त्यांनी जुनी मोटारसायकल घेतली. नंबरप्लेटवर लाल अक्षरात 'प्रेस' लिहिलेलं होतं.

ताई म्हणाल्या, "ते काढा आधी."

"असू दे की. कोण अडवत न्हाय त्येनं."

महिनाभर खरंच कुणी अडवलं नाही. मग एका सिग्नलला हवालदारानं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि अदबीनं विचारलं, "कुठल्या पेपरात असता, साहेब?"

त्यांना जन्मात पहिल्यांदा कुणीतरी साहेब म्हटलं होतं. खोटं बोलायला जीभच वळेना. म्हणाले, "पेपरात न्हाय जी. टॉवेलात हाय."

हवालदार हसला नाही. नुसतं त्या अक्षरांकडं बोट केलं. मिस्टरांनी तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, किल्लीनं 'प्रेस' खरवडून काढलं. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत.

*

त्याच घरातला दुसरा. ताईंच्या मुलीला बघायला वैरागहून पाहुणे येणार होते. घरात बसायला धड खुर्ची नाही, म्हणून ताईंनी जुन्या बाजारातून सहा प्लास्टिकच्या खुर्च्या उचलल्या. पाठीवर कुणा मंडपवाल्याचं नाव रंगवलेलं होतं. दोन दिवस थिनर चोळून ताईंनी ते घालवलं. खुर्च्या चकचकीत झाल्या.

पाहुणे आले, पोहे झाले. उकडत होतं म्हणून मुलाच्या मामांनी आपली खुर्ची उचलून पंख्याखाली घ्यायला घेतली. उचलताना ती उलटी झाली. बैठकीच्या खाली तेच नाव, आणि त्यापुढं गाव, वैराग.

"आरं, ही तर आपल्या गावच्या मंडपवाल्याची," मामा म्हणाले. "ताई, भाड्यानं आणल्यात व्हय? कदी द्यायच्यात परत?"

ताईंना विकत घेतल्यात म्हणवेना. चोरल्यात असं वाटेल म्हणूनही घाबरल्या. म्हणाल्या, "आजच द्यायच्यात."

"मग आमी जीपनंच आलोय की. जाता जाता टाकतो."

मामा मनानं फार चांगले. स्वतः दोरी मागून घेतली आणि सहाच्या सहा खुर्च्या जीपच्या टपावर बांधल्या. ताई दारात उभ्या राहून "सावकाश जावा" म्हणाल्या. पुढं पत्रिका जुळली नाही असा निरोप आला. खुर्च्यांचा काहीच निरोप आला नाही.

*

शमीमभाभीची सना आठवीत गेली तेव्हा भाभीनं रद्दीच्या दुकानातून पुस्तकांचा जुना सेट घेतला. आधीच्या मुलीनं पानापानांवर पेन्सिलनं उत्तरं लिहिलेली. भाभी दोन रविवार खोडत बसली. तीन रबर संपले. पहिल्या पानावरचं पेनानं लिहिलेलं नाव व्हाइटनरनं झाकलं आणि वर सनाचं नाव घातलं. विज्ञानाच्या पुस्तकात एका कोपऱ्यात पेन्सिलचा छोटासा पोपट काढलेला होता. तेवढा खोडायला भाभीचा हात धजला नाही.

वर्गात बाईंनी धडा वाचायला सनाचंच पुस्तक मागून घेतलं. वाचता वाचता त्या पानावर थांबल्या.

"हा पोपट तू काढलास?"

सना म्हणाली, "हो बाई."

"छान काढलास," म्हणाल्या आणि पुढं वाचायला लागल्या.

पालकसभेला भाभी गेली. बाईंनी तिला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "माझी मुलगी तिच्या सगळ्या पुस्तकांत पोपट काढायची. तिची नववीची पुस्तकं घरीच आहेत अजून. सनासाठी देऊ का?"

भाभी आम्हाला सांगत होती, "क्या बोलू बाई, पायाखाली जमीन न्हाई राहिली. पोरगी खोटं बोलली ते बाईंना पहिल्या दिवसापासनं माहीत, आणि त्यांनी पोरीला एक शब्द न्हाई विचारला."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी बोलली, नको मॅडम. आम्ही नवीनच घेतो."

आणि मग नववीला खरोखर सगळी नवीन घ्यावी लागली.

*

दुसऱ्यांचे सांगितले, आता माझा. नणंदेच्या वास्तुशांतीला मी भिंतीवरचं घड्याळ नेलं. जुनं, पण कुणाला कळलं नसतं इतकं चांगलं. मागचं जुन्या दुकानाचं स्टिकर तेल लावून सफाचट काढलं. काढल्यावर मात्र तो भाग उघडा बोडका दिसायला लागला. नवीन वस्तूला काहीतरी चिकटवलेलं असतंच, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी कामावरून एक स्टिकर ओढणीत लपवून आणलं. किंमत बऱ्यापैकी मोठी होती. मागं नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून लावलं. हाताला सवयच आहे. वरून चकचकीत कागद गुंडाळला.

वास्तुशांतीच्या दिवशी संध्याकाळी नणंदेचा फोन आला.

"वहिनी, घड्याळ लई आवडलं सगळ्यांना. एवढं महागाचं कशाला आणलात?"

"असू द्या हो, घर काय रोज बांधतो का," मी म्हणाले. चांगली फुगले होते मी.

"फक्त एक विचारायचं होतं. मागं लिहिलंय, शंभर टक्के कॉटन. गरम पाण्यात धुऊ नये."

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. मग तीच म्हणाली, "मी गारच पाण्यात धुईन मग."

ती हसली म्हणून मीही हसले. तिनं हे तिच्या घरात कुणालाही सांगितलं नाही, आजवर नाही. ते घड्याळ हॉलमध्येच आहे. तिच्याकडं गेले की मी त्याच्याकडं पाठ करून बसते.

*

हा एक आम्ही डब्याला कधी काढत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या गौरीसाठी जुन्या सायकलींच्या दुकानातून लेडीज सायकल घेतली. जांभळी, छान चालणारी. पण दांड्यावर फुलपाखरांची स्टिकरं चिकटवलेली. गौरी म्हणाली, "आई, हे काढलंस तरच शाळेत नेईन. पोरी ओळखतात जुनी आहे ते." म्हणून सोमवारी मी ती ढकलत कामावर आणली. कारखान्यात थिनर मिळतं. जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या मागं सावलीला लावली आणि तिघींना हाक मारली.

मंगलताई आणि भाभी लगेच बसल्या. पद्मा जरा लांब उभी राहिली. ती तशी अबोलच. घरात सगळे तेलुगू बोलतात, आमच्यात मोजकं बोलते. शिवाय तिच्या नवऱ्याचे माग तेव्हा दोन महिन्यांपासून बंद होते, त्यामुळं आणखीच गप्प असायची. थोड्या वेळानं तीही येऊन बसली आणि फडकं हातात घेतलं.

एकेक फुलपाखरू निघालं. सगळ्यात मोठ्याच्या खाली पांढऱ्या रंगात, गोल गोल अक्षरात नाव निघालं. श्रावणी.

"पद्मा, तुझ्या पोरीचं नाव की गं," मी हसत म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली.

मी थिनरचं फडकं त्यावर घासायला लागले. रंग हलेना.

"तू नको घासू," पद्मा म्हणाली. "ऑइलपेंट हाय ते. खालचा जांभळा निघंल. ब्लेड दे."

दोरे कापायचं ब्लेड मी तिच्या हातात दिलं. ती दांड्याजवळ मांडी घालून बसली आणि एकेक अक्षर काढत गेली. आधी णी, मग व, मग श्रा. जांभळ्या रंगावर एक ओरखडा पडू दिला नाही. मंगलताईंनी हातातलं काम सोडलं होतं. भाभी खाली बघत होती. मी मात्र म्हणत होते, "काय हात आहे गं तुझा, अगदी नवी दिसायला लागली."

बेल झाली. पद्मा उठली. साडी झटकली, सीटवर पडलेला रंगाचा चुरा तळव्यानं पुसला आणि ब्लेड मला परत दिलं.

"डावा ब्रेक उशिरा लागतो," ती म्हणाली. "उतारावर उजवा धरायला सांग गौरीला."