परीक्षानळ्या धुताना शिकलेला धडा

कॉलेजातली मैत्रीण सुनंदा, तिचा फोन आला तेव्हा मी राजारामपुरीत लेकीला क्लासला सोडत होते. "मगदूम मॅडम गेल्या गं," एवढंच म्हणाली... आणि एरवी गल्लीभर ऐकू जाणाऱ्या या बाईनं फोन ठेवून दिला. त्याला आता महिना होत आला.

मॅडम आम्हाला जयसिंगपूरच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. प्रजननाचा धडा बाकीचे शिक्षक 'घरी वाचा' म्हणून उरकायचे; मॅडमनी तो खणखणीत आवाजात शिकवला. पाळीचं चक्र अठ्ठावीस दिवसांचं, असं फळ्यावर लिहिलं. मी पडले शब्दाला शब्द धरून चालणारी. तिसाव्या दिवशी माझी झोप उडाली, चौतिसाव्या दिवशी जेवण. पाळी चुकली म्हणजे दिवस गेले, एवढं बायकांच्या बोलण्यातून कानावर आलेलं. कुणाचं बोटही लागलं नव्हतं, तरी एसटीत शेजारी बसलेला पोरगा आठवून मी रडायची. कॉलेज सोडायचं माझं ठरलंच होतं.

मॅडमनी माझा उतरलेला चेहरा पाहिला आणि प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायला बोलावलं. "हात चालू दे. त्या धड्यातलं तुला काय समजलं, ते सांग." नळाच्या पाण्याकडे बघत मी सगळं सांगून टाकलं. मॅडम स्टुलावर बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "चूक माझी हाय. एक आकडा लिहिला आन् मोकळी झाले. कुणाचे पंचवीस असतात, कुणाचे पस्तीस. तुमच्या वयात तर मागं-पुढं व्हायचंच. आन् नुसतं शेजारी बसून काय होत न्हाय, खुळे!" त्या दिवशी घरी जाऊन मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासून एकेक पोरगी नळ्या धुवायला जाऊ लागली. सुनंदा ठसक्यात म्हणाली, "मला काय शिकवताय मॅडम, घरात आठ म्हसरं हायती."

"मग सांग की."

सांगितलं तिनं. पाळी म्हणजे म्हशीचा माजच, गाभण राहायचे दिवस तेच! वर्गात 'समजलं' म्हणून सगळ्यात जोरात मान डोलावली होती ती हिनंच. आम्ही दोघी एकाच बाकावरच्या. मी आकड्याला चिकटले, ती गोठ्याला. माझी भीती दहा मिनिटांत गेली, तिची खात्री मोडून, दिवस राहतात ते दोन पाळ्यांच्या साधारण मधल्या काळात, हे पटवायला मॅडमना आठवडा लागला. लग्नानंतर तेच कामी आलं, असं सुनंदा आजही बिनदिक्कत सांगते.

गेल्या आठवड्यात लेकीच्या शाळेत याच विषयावर व्याख्यान झालं. हॉल भरून पोरं, शेवटी टाळ्या. "सगळं समजलं," म्हणत ती मोबाइल घेऊन बसली. मी तिला ताटं पुसायला बोलावलं आणि काय समजलं ते विचारलं. ती बोलू लागली आणि तिसऱ्याच वाक्याला चुकली. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं... पण मी गिळलं. ती बोलत राहिली, आणि शेवटच्या ताटाला, माझ्याकडे न बघता, तिनं व्याख्यानात कुणालाच न सांगितलेली तिची भीती बोलून दाखवली. मध्ये तोंड घातलं असतं तर ती तशीच तिच्या पोटात राहिली असती. मॅडम गेल्याचं रडू मला त्या दिवशी आलं.