जमुनाच्या हिरडीवरची निळी रेघ

दातिवऱ्यात जाळ्याचं शिसं ओतावं तर जमुनानं, असं बापे लोकही कबूल करत. आणि मच्छीमारांच्या आळीतले बापे बाईचं काही कबूल करतात म्हणजे बघा! जाळं पाण्यात खाली जावं म्हणून त्याच्या खालच्या दोरीला शिशाचे मणी ओवतात. जमुनाचा मणी असा गुळगुळीत यायचा की त्यानं दोरी कधी घासली नाही. शेजारच्या बायका साचा घेऊन तिच्याकडे शिकायला यायच्या.

शिसं यायचं बोईसरहून. तिचा नवरा चिंतू तिथल्या एका भंगारवाल्याकडून ट्रकच्या जुन्या बॅटऱ्यांतल्या पट्ट्या गोणीत भरून आणायचा. हे काम पावसाळ्यातलं. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, पुरुष घरात जाळी विणत बसलेले, बाहेर चूल पेटायची नाही. मग स्वयंपाकघरातच दार लोटून घ्यायचं, चुलीवर लोखंडी कढई ठेवायची, पट्ट्या वितळवायच्या, वर येणारी राख पळीनं काढून बाजूला झटकायची आणि खालचा चकचकीत रस साच्यात ओतायचा. तिच्या आईनंही शिसं ओतलं होतं, आजीनंही. फक्त त्यांच्या वेळी या बॅटऱ्या नव्हत्या.

चौऱ्याऐंशीच्या कार्तिकात जमुनाला मुलगा झाला, हरेश. काय पोर होतं! तिसऱ्या महिन्यात मान धरली, पाचव्यात पालथा पडला, आणि मिरगाच्या सुमाराला तर न टेकता बसून थाळी बडवायला लागला. सासू राहीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला अंगणातून हाक मारून दाखवायची. त्या पावसाळ्यात जमुनानं तीन गोण्या ओतल्या. पोराला गारठा लागू नये म्हणून पाळणा चुलीजवळच टांगला होता. तो रांगू लागल्यावर खाली जमिनीवर सोडायची. सारवलेल्या जमिनीवर ती राखाडी पूड सांडलेली असायची, आणि रांगतं पोर हात तोंडात घालणारच.

नारळी पुनवेला होड्या पाण्यात गेल्या आणि हरेश बसता बसता कलंडायला लागला. आधी वाटलं, दात येतायत. मग ओकाऱ्या सुरू झाल्या, पोट दगडासारखं, रडणं थांबेना. दिवाळीपर्यंत त्याचं बसणं गेलं. जे पोर वर्षाचं होताना उभं राहायला हवं होतं, ते परत पाळण्यात पडून राहिलं.

"अगो, चिंतू पन दोन वरसानं चालला," राहीबाई म्हणायची. "आमच्या घरातली पोरा आळशीच."

पण मनातून म्हातारीही घाबरली होती. तिनं भगताला बोलावलं, दृष्ट काढली, कोंबडं दिलं. ग्रहण लागलं तेव्हा किनाऱ्यावर नेऊन पोराला कमरेपर्यंत वाळूत पुरून ठेवलं, पायात बळ येतं म्हणून. पोर टाहो फोडत होतं आणि जमुना त्याचे दोन्ही हात धरून वाळूत गुडघे टेकून बसली होती. पायांत बळ काही आलं नाही. मग एक दिवस राहीबाई सुनेवर उलटली, "पोटुशी असताना तूच कायतरी खाल्लं नसशील कशावरून?" जमुना पोराचे पाय तेलानं चोळत राहिली. तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. पुढच्या पावसाळ्यात हरेशचे पाय गार पडतात म्हणून तिनं त्याचं अंथरूण चुलीच्या आणखी जवळ सरकवलं. त्या वर्षी चार गोण्या ओतल्या.

सत्त्याऐंशीच्या माघात सफाळ्याच्या शाळेत मुंबईच्या डॉक्टरांचं शिबिर भरलं. सव्वादोन वर्षांच्या हरेशला कडेवर घेऊन जमुना एसटीनं गेली. तिला चौथा महिना चालू होता. पोर कधी चालेल, एवढंच तिला विचारायचं होतं.

डॉक्टरीण चष्मेवाली, वयस्क. तिनं हरेशचे पाय वाकवून बघितले, डोळ्यांपुढे लाल लोकरीचा गोंडा फिरवला. त्याचे डोळे गोंड्यामागे निम्म्या वाटेपर्यंतच गेले. मग बाई एकदम जमुनाकडे वळली आणि म्हणाली, "तोंड उघडा बघू."

"माजा? मला काय झालाय?"

डॉक्टरीणबाईनं तिचा ओठ वर केला. हिरडीच्या काठानं निळसर रेघ होती.

"मशेरी लावतंय मी," जमुना लाजून म्हणाली.

"मशेरीची नाही ही. घरी शिशाचं काही काम करता का?"

जमुनाचा चेहरा उजळला, काय सांगू! शहरातल्या डॉक्टरणीला आपलं काम कसं कळलं? तिनं मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं, कढई कशी ठेवते, राख कशी काढते, पाळणा कुठं असतो. डॉक्टरीणबाईनं लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

दोघांचं रक्त मुंबईला गेलं, महिन्यानं डॉक्टरीणबाई निकाल घेऊन परत सफाळ्याला आली. दोघांच्याही रक्तात शिसं होतं. पोराच्या तर मेंदूत भिनलेलं.

"आता वितळवणं थांबवलं तर चालेल ना हा?" जमुनानं विचारलं.

"आणखी बिघडणार नाही. गेलेलं परत येईल असं मला सांगवत नाही, जमुनाताई. आणि हे पोटातलं..." बाईनं तिच्या पोटाकडे पाहिलं. "शिसं हाडांत साठतं. बाळ आईच्या हाडांतून चुना ओढून घेतं, त्याबरोबर शिसंही ओढतं. कॅल्शियमच्या गोळ्या देते. दूध प्या, नाचणी खा, मांदेली काट्यासकट खा. त्या घरात कढई चढवू नका."

राहीबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग आमी कशी जगलू?" आळीत कोणी ऐकलं नाही. ऐकणार तरी कसं? बोईसरचा तो भंगारवाला पट्ट्या काढणाऱ्या आपल्या माणसांच्या तोंडाला फडकी बांधायला लावायचा. गोणी विकताना मात्र त्याच्या तोंडाला कुलूप! मेल्याला एक शब्द बोलायला काय झालं होतं? पाचव्या दिवशी चिंतू उठला आणि कढई, साचा, उरलेली गोणी घेऊन किनाऱ्यावरच्या खोपीत गेला; आता ओतायचं ते त्यानं, तिथंच. जमुनानं जमीन खरवडून काढली, नवी माती आणून सारवली, आणि काटे चावून चावून मांदेली खाल्ली. रात्री पोटावर हात ठेवून ती महिने मोजायची.

आषाढात मुलगी झाली, कमळी. मान धरीपर्यंत जमुनाला घास गोड लागला नाही. बसू लागली तेव्हा आनंद झाला, पण तो लगेच विझला, कारण हरेशही बसला होताच की. एका पावसाळ्यात बसणं जातं हे तिनं बघितलं होतं. पुढचा पावसाळा आला, नारळी पुनवेला होड्या पाण्यात गेल्या. कमळी कलंडली नाही.

पुनवेनंतरच्या आठवड्यात कमळी भिंत सोडून चालली. चार पावलं, मग धप्पकन खाली, मग परत चार. राहीबाई ओरडतच आळीत साखर वाटायला धावली. चटईवर पडलेला हरेश, आता चौथं सरत आलेलं पोर, बहिणीकडे बघून मोठमोठ्यानं हसत होता.

जमुना कमळीकडे गेली नाही. तिनं हरेशचं डोकं मांडीवर घेतलं. दीड वर्षात घरात कोणापुढे तिच्या तोंडातून जे निघालं नव्हतं, ते ती त्याच्या कानाशी वाकून बोलली, "तुजं पाय मीच खाल्लं रे बाला. माज्या हातानं." आणि ढसाढसा रडायला लागली.

हरेशला त्यातलं काही कळलं नाही. आई खेळतेय असं वाटून तो आणखीच हसू लागला.