खिडकीवरचे दोन स्पीकर

बाबांचा रेडिओ मी मोडला. तो पडला नव्हता की आपसूक बिघडला नव्हता. मी भंडाऱ्याहून कॉम्प्युटर हार्डवेअरचा कोर्स करून आले होते आणि घरातलं एकही झाकण बंद बघवत नव्हतं. बाबा मोहाडीच्या बाजारात गेले होते. रेडिओत जराशी खरखर येते, तेवढी काढून टाकू, म्हणून मी तो उघडला. खरखर गेली आणि तिच्यासोबत आवाजही गेला.

ते आल्यावर मी सरळ सांगून टाकलं. त्यांनी रेडिओकडे पाहिलं, "बरं" म्हणाले, थैली खुंटीला अडकवली आणि मागाच्या खड्ड्यात उतरले. दोन शब्द रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

घरात आम्ही दोघंच होतो. आई मी दहावीत असताना गेली. बाबा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणत. आतल्या खोलीत खिडकीसमोर त्यांचा खड्डा माग होता. खड्ड्यात पाय सोडून ते सकाळी बसले की दुपारच्या जेवणालाच उठत. खिडकीत रेडिओ आणि त्याच्या तालावर मागाच्या पावड्या दाबणारे पाय, हे मी जन्मल्यापासून पाहत होते. आता नुसती धोट्याची खटखट ऐकू यायची.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. नोकरी लागली होती, तीन आठवड्यांत हजर व्हायचं होतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "पाहू." आमच्याकडे 'पाहू' म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. मलाही त्यांना पुन्हा विचारायचं धाडस होईना. मुक्या घरात त्यांना एकटं टाकून कोणत्या तोंडाने निघणार होते मी?

आधी बाजारातून नवा रेडिओ आणला. बाबांनी दोन दिवस ऐकला आणि बंद करून ठेवला. "हा नाकात बोलते," म्हणाले. तेव्हा मी ठरवलं, पुण्याला जाईन किंवा न जाईन, पण त्याआधी या मागावर गाणं वाजलंच पाहिजे. आणि मी एकदा ठरवलं की मग माझ्यापुढे गाढवही समजूतदार.

गाणी माझ्या कॉम्प्युटरात भरपूर होती. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून तिथल्या ऑफिसात असलेल्या माझ्या मावसभावाने स्वतःसाठी नवा घेतला, तेव्हा जुना मला दिला होता. त्याच्यासोबत सिनेमासारखा चहूबाजूंनी आवाज देणारे पाच छोटे स्पीकर आणि एक मोठा वूफर होता. समोर ठेवायच्या तीन स्पीकरांच्या वायरी आखूड होत्या, पाठीमागे ठेवायच्या दोघांच्या चांगल्या लांब. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता. लांब वायरीचे दोघं मी दारातून आत नेले आणि बाबांच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून टांगले.

तपासणीचं बटण दाबलं, पाचही स्पीकर एकामागून एक बोलले. गाणं लावलं तर बाहेरच्या खोलीत जोरात वाजलं आणि खिडकीवरचे दोघं गप्प.

नागपूरच्या एका दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "म्याडम, गाण्यात दोनच आवाज राहते, डावा अन् उजवा. ते समोरच्या दोघाईले भेटते. मागच्याईले द्यायले काही उरतच नाही."

"मग मी काय करू?"

"पिक्चर पाहा न."

मी फोन ठेवून दिला. बाबांनी माग सोडून पिक्चर पाहत बसावं, असा त्याचा सल्ला.

चार दिवस मी कॉम्प्युटरातल्या आवाजाच्या सेटिंगमधल्या सगळ्या खुणा करून आणि काढून पाहिल्या. त्यात लोडशेडिंग, काहीतरी सापडतंय असं वाटलं की लाइन जायची. पाचव्या दिवशी लक्षात आलं, की गाणं बाहेर पडतं ते कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकातून, आणि खिडकीवरच्या दोघांना आवाज पुरवतं ते वूफरचं काळं भोक. मग हिरव्यातली वायर थेट काळ्यात घालायची! एवढं सुचायला चार दिवस का लागले? विणकराच्या घरात रंगाला रंग जोडायचा असतो. लहानपणी काळ्या काठात मी हिरव्या धाग्याची कांडी लावली असती, तर पाठीत धपाटा बसला असता.

वायर बदलली आणि खिडकीवरचे दोघं वाजले. मी उड्या मारत आत गेले. बाबा धोटा हातात धरून ऐकत होते.

"वाजंत्री त आली," ते म्हणाले. "नवरदेव कुठी हाय?"

खरंच, ढोलक होती, बासरी होती, गाणारी बाई मात्र गायब. दुसरं गाणं लावलं, तिथेही गाणारा नाही. पुढचे तीन दिवस मी गाणी बदलली, सीड्या बदलल्या, स्पीकरांची अदलाबदल केली. रडकुंडीला आले पण सोडलं नाही. हजर व्हायच्या तारखेला आठच दिवस उरले होते.

शेवटी बाबाच खड्ड्यातून वर आले. विणत असताना ते कुणासाठी उठत नसत. वूफरपाशी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "कसं लावते, दाखव."

मी वायरीचं टोक काढलं आणि पुन्हा घातलं. ते माझ्या बोटांकडे पाहत होते.

"इतकी हळू काहून? कोशाचा धागा समजून राहिली का?"

हाताला तीच सवय होती. कांड्या भरताना धागा कसा अलगद धरायचा, हे मला यांनीच शिकवलं होतं. जरा अडलं की मी थांबायची, जोर लावायचा नाही.

"धागा ओढाचा हळू," बाबा म्हणाले. "पण फणी माराची त ठोकूनच. नाहीतर कापड झिरझिरीत होते." आणि त्यांनी अंगठ्याने टोक दाबलं. टक्क झालं, आणि आतल्या खोलीत ती बाई गायला लागली.

टोक तांदळाच्या दाण्याएवढं बाहेर राहिलं होतं. तसं राहिलं की दोन्ही बाजूंना जे सारखं असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं, आणि गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो. हे सगळं मला पुढे कळलं. बाबांना कळायची गरजच पडली नाही.

मला वाटलं, आता ते मागावर जातील. पण ते तिथेच बसून राहिले. "हे आता मले शिकव."

"मी लावून देत जाईन न बाबा."

त्यांनी माउस हातात घेतला. केसाहून बारीक धागा न बघता सांधणारी ती बोटं, पण त्यांना दोनदा पटकन दाबणं काही जमेना. पावडी दाबल्यासारखं एक दाबायचे, थांबायचे, मग दुसरं. मी हसायची, मग चिडायची. ते ना हसायचे ना चिडायचे. सकाळी लाइन आली की येऊन बसायचे आणि दाबत राहायचे. हट्ट माझ्यात कुठून आला, हे मला त्या दिवसांत समजलं.

चौथ्या दिवशी मी चुलीपाशी वांगी चिरत होते. आतून गाणं सुरू झालं, गाणाऱ्या बाईसकट. मी दारात जाऊन उभी राहिले. बाबा खड्ड्यात बसले होते, माझ्याकडे पाठ, पाय तालात चालले होते.

"लावता येते आता मले," ते न वळता म्हणाले. "पुण्याले कधी जा लागते तुले?"

मी तारीख सांगितली. इतके दिवस ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं ते जमलं होतं, आणि मला वाटत होतं, त्यांना हे इतकं चांगलं शिकवायला नको होतं.