सतराशे पिनांच्या बाई

आमच्या नातीने मला त्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात नेलं नसतं, तर मदरबोर्ड म्हणजे काय हे न कळताच मी जगाचा निरोप घेतला असता आणि माझं काही अडलंही नसतं. पण दुकानातल्या बाई पाहायच्या राहिल्या असत्या. त्यांच्याविषयी कुणीतरी लिहावं असं फार वाटत होतं. दुसरं कुणी लिहीना, म्हणून हे धाडस.

दुकान रस्त्यावरून पाच पायऱ्या खाली. टेबल एकच, पण आरशासारखं स्वच्छ. बाई पन्नाशीच्या, डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. अकरा वर्षं त्यांनी एका कारखान्यात पंख्यांच्या मोटारींना तार गुंडाळली. कारखाना बंद पडला तेव्हा भंगारवाल्याकडून बिघडलेल्या मदरबोर्डांचं, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यांवर बसतात त्या पाट्यांचं, एक पोतं आणलं आणि वर्षभर त्यावरच्या रेघा कुठून कुठे जातात ते जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर काढत बसल्या. शिकवायला कोणी नव्हतं. ती कॅलेंडरं अजून भिंतीला आहेत, मागची बाजू पुढे करून लावलेली.

नातीचं प्रकरण असं होतं. पाच जणांच्या एका गेमिंग संघात एक जागा रिकामी होती आणि रविवारी सकाळी अकराला, घरूनच खेळायचा निवड-सामना होता. तिचं मशीन ऐन मोक्याला अडखळायचं. सूनबाई म्हणायची, "मशीनच शहाणं आहे, त्याला तरी अभ्यासाची काळजी." शनिवारी दुपारी नात कॉम्प्युटर मांडीवर धरून रिक्षाने निघाली. सोबतीला मी.

तिने मोबाइलवरची यादी वाचायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "यादी ठेव बाजूला. खेळून दाखव."

"इथे?"

"मग काय तुझ्या घरी येऊ?"

बाईंची पद्धतच ती. गिऱ्हाईक दहा मिनिटं खेळल्याशिवाय त्या कपाट उघडत नाहीत. स्क्रीनच्या कोपऱ्यात काही आकडे पळत होते, त्यांच्याकडे एक डोळा ठेवून त्या नातीच्या बोटांकडे बघत होत्या. गोळीबार वाढला, धूर झाला, चित्र अडखळलं.

"बघ. तुझं ग्राफिक्स कार्ड अर्धं रिकामं बसलंय. चित्र काढणारा तयार आहे गं, काय काढायचं ते सांगणाऱ्यालाच दम लागलाय. कार्ड राहू दे. प्रोसेसर बदलायचा आणि त्यासाठी बोर्ड."

"मी सोळा कोअरचा ठरवलाय."

"व्हिडिओ कापायचेत का तुला?"

"नाही. फक्त खेळायचंय."

"मग या खेळाला सोळा माणसं कशाला? सहा चपळ असली तरी पुरे. बाकीची दहा तिथे पत्ते कुटत बसतील."

मला हसू आलं. नातीला आलं नाही. बाईंनी काढलेला बोर्ड तिला साधा वाटला. "याला दिवे नाहीत, मावशी."

"दिवाबत्तीच करायची तर बोर्ड कशाला हवा? तुझी जुनी रॅम यावर चालते. आणि प्रोसेसरला वीज पोचवणारा हा भाग बघ, जाडजूड आहे. चार तास खेळलीस तरी हा तापून मान टाकणार नाही. एवढा एकच उरलाय. पुढचा माल बुधवारी."

नात ओठ चावत "बरं" म्हणाली.

बाईंनी बोर्ड टेबलावर ठेवला आणि मधल्या चौकोनावरचं झाकण काढलं. मी वाकलो. आगपेटीएवढ्या जागेत सोन्याचं शेत उभं होतं. एकेक काडी केसाहून बारीक, आणि सगळं एकाच बाजूला झुकलेलं.

"किती आहेत हो या?"

"सतराशे पिना. आणि प्रत्येकीला तिचं स्वतंत्र काम."

मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. मी उघडलेल्या मोठ्यात मोठ्या घड्याळात दोन-तीनशे भाग. मला माझ्या सगळ्या आयुष्याची उगाच लाज वाटली, आणि आनंदही झाला, की असलं काही जगात आहे आणि ते आपण बघतोय.

बाई प्रोसेसर काढायला कपाटाकडे वळल्या. नात जुने स्क्रू मोजत होती. त्या सोन्याच्या शेतावर मला कापसाचा एक तंतू दिसला. उघड्या यंत्रावर तंतू राहू द्यायचा नाही, हे माझ्या बोटांना इतकं पाठ आहे, की मला विचारायचं ती विसरतात. मी खिशातून रुमाल काढला आणि टोकाने अलगद टिपलं. रुमालाचा धागा अडकला. मी तो ओढला.

शेतात गुरं शिरून गेल्यासारखं झालं.

बाई प्रोसेसर चिमटीत धरून आल्या. तो वर ठेवून दाबला असता तर सगळंच संपलं असतं.

"थांबा," मी म्हणालो. "मी पुसलं."

"आजोबा!" नात ओरडली. "कशाला हात लावलात? उद्या सामना आहे माझा!"

बाईंनी प्रोसेसर खाली ठेवला. "काका, काम काय करायचात?"

"घड्याळं."

"तरीच. घड्याळजी धूळ बघून गप्प बसेल होय?" मग नातीकडे वळून, "रागव, पण नंतर. आधी ही बॅटरी धर. अशी नाही, आडवी."

मला वाटलं, आता भिंग निघेल. त्यांनी उलट चष्माच काढला आणि नाक बोर्डाला टेकेल इतक्या वाकल्या. "शाळेत ढापणी म्हणायचे मला," त्या तशाच म्हणाल्या. "लांबचं काही दिसत नाही. पण चार बोटांवरचं देवाने मलाच दाखवलंय."

आडव्या उजेडात सरळ पिना एका ओळीत चमकत होत्या. जिथे चमक तुटे तिथे पीन वाकलेली. अशा अकरा सापडल्या. शिवणाच्या सुईने बाई एकेक उचलू लागल्या. जास्त जोर लागला तर पीन तुटणार, म्हणजे बोर्ड गेला. सुई हललेली मला दिसत नव्हती. फक्त मधूनच अंधाऱ्या जागी एक ठिपका उजळायचा. आयुष्यभर मी माझ्या हातांची तारीफ ऐकली होती. हात कसे असतात ते मला त्या दुपारी कळलं.

तासाभराने सगळं जोडलं. पंखे फिरले, पडदा उजळला. नातीने टाळी वाजवली.

"थांब," बाई म्हणाल्या. "रॅम निम्मीच दाखवतोय."

नातीचा चेहरा उतरला. मी खुर्चीत आणखी खाली गेलो. बाईंनी सगळं पुन्हा उकललं आणि बोर्ड उलट्या दिशेने धरला. बारावी पीन अगदी कडेला होती, झुकलेली नव्हती, नुसती दबलेली. सतराशेतली एक! तिच्यावाचून निम्मी रॅम त्या यंत्राच्या लेखी नव्हतीच.

ती सुईने वर उचलून सगळं पुन्हा जोडलं, आणि या वेळी आकडा पुरा आला. नात त्याच धुरात पुन्हा शिरली, आणि चित्र पाण्यासारखं वाहिलं.

रविवारी मी आणि सूनबाई दाराआड उभे होतो. मी काय चाललंय ते कळावं म्हणून, ती आपल्यालाही उत्सुकता आहे हे कुणाला कळू नये म्हणून. मशीन दीड तासात एकदाही थांबलं नाही. नातीला मात्र संघात राखीव म्हणून घेतलं. डोळे पुसत ती म्हणाली, "मीच दोनदा चुकले, आजोबा. मशीनची काही चूक नाही."

सोमवारी हे बाईंना सांगायला गेलो. सांगताना अपराधी वाटत होतं. त्या बिनचष्म्याच्या, दुसऱ्याच एका बोर्डावर वाकलेल्या होत्या.

"बरं झालं की," त्या म्हणाल्या. "इतके दिवस चूक कोणाची तेच तिला कळत नव्हतं. आता शिकेल." मग पायाने स्टूल पुढे सरकवलं. "बसा काका. हा बघा, पाण्यात पडलेला बोर्ड आहे."

मी बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.