आबांच्या टाकीसाठी रिअ‍ॅक्टर

मी भित्री आहे. शेगडी बंद केली का नाही हे बघायला निम्म्या वाटेवरून गाडी वळवणारी बाई मी. ऑफिसात यावरून माझी कायम टिंगल चालते. त्यामुळे आबांनी एक दिवस नाकातली नळी सारखी करत, "टाकीसाठी रिअ‍ॅक्टर घ्यावा म्हणतोय. त्याला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो," असं सहज सांगितलं, तेव्हा मी हातातलं काम टाकून मोबाईलवर त्या वायूची माहिती वाचत बसले.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार होऊन साताऱ्याला घरी आले. नोकरीतली काही वर्षं अंदमानात गेली, तिथं काचेच्या तळाच्या होडीतून त्यांनी आणि आईनं पहिल्यांदा समुद्रातलं प्रवाळ पाहिलं. आई गेल्यावर आबांनी हॉलमध्ये भली मोठी काचेची टाकी मांडली, मीठ कालवून समुद्राचं पाणी केलं आणि त्यात जिवंत प्रवाळ वाढवायला घेतलं. सोबतीला थोडे मासे. पुढं त्यांची फुप्फुसं आखडत गेली, डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन कायमचं मागं लावलं. जिना होईना म्हणून पलंगही खाली हॉलमध्ये, टाकीला लागूनच टाकला. घरात आम्ही दोघंच.

प्रवाळ वाढायचं तर पाण्यात कॅल्शियम लागतं. तोवर आबा दोन बाटल्यांतलं औषध रोज मापानं टाकीत ओतायचे. आता हात थरथरायला लागले होते, निम्मं औषध फरशीवर. मी ओतते म्हटलं, तर म्हणाले, "आज तू हायस. उद्या तुझी पाटणला बदली झाली म्हंजे?" बदलीचं निमित्त होतं. त्यांना दुसऱ्याच कशाची तरी तयारी करायची होती, आणि ते मला कळत होतं म्हणून मी जास्तच चिडले.

हा रिअ‍ॅक्टर म्हणजे एक जाड पारदर्शक नळकांडं. त्यात मेलेल्या प्रवाळाची खडी भरायची आणि सिलिंडरमधला वायू बुडबुड्यांनी आत सोडायचा. त्यानं पाणी आंबट होतं, खडी हळूहळू विरघळते आणि ते पाणी थेंबथेंब टाकीत पडत राहतं. रोज कुणी हात लावायला नको. आबांनी हे समजावून सांगितलं आणि वर स्वतःच हसले, "मेलेल्याच्या हाडांवर जित्यांनी जगायचं. फॅमिली पेन्शनच की गं ही!"

मला हसू आलं नाही. मोबाईलवर वाचलं तेवढं मला पुरे झालं होतं. हा वायू हवेपेक्षा जड. बंद खोलीत गळला तर खाली साचतो. वास नाही, रंग नाही. धडधाकट माणूस घुसमटलं तर उठून दार तरी उघडेल. पण ज्याला मोरीपर्यंत जाताना दोनदा टेकावं लागतं त्यानं काय करायचं? रात्रंदिवस माझ्या डोळ्यांपुढं तेच. "जिवाचं काही वाटतं का नाही तुम्हाला, आबा?" असं मी ओरडले.

"लय भितीस बघ तू," आबा म्हणाले. "फौजेत असतीस तर पयल्याच दिवशी घरी धाडली असती."

शेवटी तोडगा निघाला की दोघांनी सांगलीला जायचं, माणूस आणि यंत्र दोन्ही डोळ्यांनी बघायचं आणि मग काय ते ठरवायचं. तिथं एक हळदीचे व्यापारी होते. दुकानामागच्या खोलीत त्यांनी स्वतः मोठी टाकी पाळलेली, आणि हौशी लोकांना ते रिअ‍ॅक्टर जुळवून द्यायचे. भाड्याची गाडी केली. छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर आबांच्या पायाशी ठेवला. कराडला चहाला थांबलो तेव्हा आबा वडापावकडं बघत होते आणि मी सिलिंडरच्या काट्याकडं. काटा जरा खाली आला की मी निघायची घाई करायची. "अगं, रस्त्याकडं बघ की, ऊस बघ," आबा म्हणायचे.

व्यापारी जैन होते, बोलायला मऊ. "या आबासाहेब, बसा. आमच्या आईला घरात झिंग्याबिंग्याचं खाद्य चालत नाही, म्हणून आमचे मासे शेवाळावरच वाढलेत बघा," असं म्हणत त्यांनी तीन रिअ‍ॅक्टर मांडले. एक वापरलेला, स्वस्त, त्याची चावी हातानं फिरवायची. दुसरा परदेशी, आमच्या टाकीला उगाच मोठा. तिसरा त्यांनी जुळवलेला. त्याच्या वायूच्या नळीवर विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. "लाईट गेली की हा आपोआप मिटतो, ताई. वायू पुढं सरकतच नाही."

"दाखवा," मी म्हणाले. त्यांनी बटण बंद केलं. टक् असा आवाज झाला आणि बुडबुडे थांबले. मी पुन्हा चालू करायला लावलं, पुन्हा बंद. नळीला कान लावून बसले. काळ्या रंगाचा तो सिलिंडर माझ्याकडं बघतोय असं मला वाटत होतं. हळद घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दारात खोळंबलं. "पुरे की आता, त्यांना धंदा करू दे," आबा कानकोंडे होऊन म्हणाले.

व्यापाऱ्यांनी आबांना एकच विचारलं, "लाईट गेल्यावर टाकीतलं पाणी फिरवणारा पंप कशावर चालवता?" आबा म्हणाले, "थांबतो. लाईट येती की तासाभरात." मी तेव्हा व्हॉल्व्हचाच विचार करत होते.

तिसराच घेतला. पण माझ्या अटींवर. वायूचा सिलिंडर घरात नाही, गॅलरीत साखळीनं बांधायचा आणि खिडकीतून बारकी नळी तेवढी आत. पलंगाच्या पायाशी वायू गळला तर बोंबलणारा अलार्म. घरच्या गॅसला करतो तसं मी रोज संध्याकाळी प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बघायची. आबा हसायचे. पण हळूहळू प्रवाळाच्या फांद्यांना पांढरी कोवळी टोकं फुटायला लागली आणि आबा चष्मा लावून तासन्‌तास काचेपाशी बसायला लागले. खरं सांगते, मलाही बरं वाटायचं. भीती काही गेली नाही, तिची सवय झाली एवढंच.

आमच्याकडं गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. त्याची सोय केलेली होती. आबांचं मशीन इन्व्हर्टरवर. त्या पॉइंटला दुसरं काहीही जोडायचं नाही, लोड वाढला की सगळंच बंद पडेल, असं वायरमननं दोघांना बजावून सांगितलेलं. त्या गुरुवारी कुठंतरी तार तुटली आणि दुपार झाली तरी लाईट आली नाही. मी ऑफिसातून आबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली.

मी पर्स तशीच टेबलावर टाकली आणि गाडी काढली. पोवई नाक्यावर गर्दी, एक रिक्षावाला आडवा आला, त्याला मी काय काय बोलले देव जाणे. डोक्यात एकच. व्हॉल्व्ह मिटला नाही. वायू आत आला. खाली साचला. अलार्मची बॅटरी बदलायची राहिली असेल. देवा, माझे आबा पलंगावर आहेत, एवढंच तोंडानं चाललेलं.

कुलूप उघडून आत शिरले. आधी नाक दाबून मी सगळ्या खिडक्या उघडल्या. अलार्म गप्प होता. गॅलरीत धावले, नळीतले बुडबुडे थांबलेले. व्हॉल्व्ह मिटलेला होता, अगदी घट्ट. आणि हॉलमध्ये पाण्याचा आवाज येत होता. लाईट नसताना टाकीतला पंप मस्त चालू होता.

आबा पलंगाच्या कडेवर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. ओठ निळसर. खांदे प्रत्येक श्वासाला वर ओढले जात होते. ऑक्सिजनच्या मशीनचा प्लग काढून त्या जागी पंपाचा प्लग लावलेला. मशीन बोंबलायला नको म्हणून त्याचं बटणही आधी बंद केलेलं. नाकातली नळी काढून, नीट गोल गुंडाळून, उशाशी ठेवलेली.

पंपाची वायर मी ओढूनच काढली. मशीन लावलं, नळी नाकात घातली, पाठ चोळत राहिले. बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा बघायची माझी हिंमत होईना. किती वेळ गेला कळलं नाही. मग ओठांना जरा रंग आला आणि मी फुटलेच. "मरायचं होतं का तुम्हाला? सरळ सांगा की! मी काय करायचं मग मागं? त्या दगडांसाठी? आवं, दगड हायती ते!" घाबरले की माझीही गावाकडची बोली बाहेर येते.

आबा एकेक शब्द करत म्हणाले, "दगडासाठी न्हाई. माशांसाठी. पाणी थांबलं... सगळे वर आले. तोंडं उघडी टाकून." मग थांबले. "दम लागतो म्हंजे काय ते मला ठावं हाय, पोरी. मला बघवंना."

मला जन्मभर वाटत आलेलं की या माणसाला भीती म्हणून माहीतच नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो थंडगार होता. टाकीत मासे आता खाली गेले होते, निवांत फिरत होते.

सांगलीच्या व्यापाऱ्यांना फोन करून टाकीच्या पंपासाठी वेगळी बॅटरी मागवून घेतली. चांगली चालते. तरी गुरुवारी मी रजा टाकते. साहेब कारण विचारतात, मी काहीतरी सांगते. लाईट जाते, गॅलरीतला व्हॉल्व्ह टक् करून मिटतो, त्याची मला आता भीती वाटत नाही. मी आबांच्या मशीनच्या प्लगसमोर खुर्ची टाकून भाजी निवडत बसते.

"जा की ऑफिसला. आता टाकीला बॅटरी हाय," आबा म्हणतात.

"मग शपथ घ्या. पुन्हा प्लग काढणार नाही म्हणून. माझ्या गळ्याची."

आबा टाकीकडं बघत राहतात. "बॅटरी बी संपली तर?" असं विचारतात, आणि चहा टाक म्हणतात. शपथ त्यांनी अजून घेतलेली नाही.