मॅचिंगवाल्या चाचांची हमी

आमच्या आष्ट्याच्या मॅचिंग सेंटरवाल्या चाचांना फसवेल असा रंग अजून जन्माला यायचा आहे, असं गावात सगळेच म्हणत. अस्तर जुळवायचं तर ते गिऱ्हाइकासकट रस्त्यावर उन्हात जाऊन उभे राहत. माझ्या सासूबाईंना एकदा वांग्याच्या रंगाचं अस्तर हवं होतं, तर चाचांनी त्यांना घरी पाठवून आधी वांगं आणायला लावलं. उरलेल्या तुकड्यांच्या ते बाहुल्या शिवत, आणि त्यातही मॅचिंगच! जिच्यासाठी बाहुली, तिला उन्हात उभं करायचं, मनगटावर एकेक तुकडा ठेवायचा आणि जुळेल त्याच कापडाचं बाहुलीचं अंग. धंदा अर्थातच बेताचा. आयांना बाहुली गोरीच हवी असे. कुणी म्हणे, पोरगी उन्हानं रापलीय. कुणी म्हणे, मोठेपणी उजळेल. उजळली की आणा, दुसरी शिवून देतो, असं चाचा शांतपणे सांगत. शेजारच्या दुकानातल्या निळ्या डोळ्यांच्या गोऱ्यापान बाहुल्या मात्र पटापट खपत.

मी तरी कुठली शहाणी? माझी लेक माझ्यावर गेलेली, चांगली सावळी. शाळेत कुणीतरी काळी म्हणून चिडवलं, तेव्हापासून घरी आली की साबणानं तोंड घासत बसायची. माझा जीव तुटायचा. निदान बाहुली तरी उजळ असावी म्हणून मी चाचांना हळूच खुणावलं, एक शेड वरची घ्या.

"आवं ताई, ट्यूबखाली समदीच गोरी दिसत्यात," एवढंच म्हणून ते लेकीला घेऊन उन्हात गेले. बाहुली गडद तपकिरी आली. वर नेहमीची हमी, रंग गेला तर परत आणा. मी फणकाऱ्यानंच घरी आले. लेक मात्र तिला दर रविवारी न्हाऊ घालू लागली, आणि स्वतःचं तोंड घासायचं कधी विसरली ते मला कळलंही नाही.

दोन वर्षांत बाहुली धुऊन धुऊन फिकी पडली, जवळजवळ गोरीच झाली. परवा लेक मला ओढत चाचांकडे घेऊन गेली. बाहुलीशेजारी मनगट धरून म्हणाली, "चाचा, हिचा रंग गेला. परत माझ्यासारखी करून द्या."

चाचा ओशाळले. मोतीबिंदूनं त्यांना आता रंग नीट दिसत नाहीत. त्यांनी तपकिरी तुकड्यांचा डबाच तिच्यापुढे ठेवला. "मला आता दिसत न्हाई, पोरी. तूच बघ."

लेक डबा घेऊन उन्हात गेली. मी आत ट्यूबखाली बसून बघत होते. एकेक तुकडा मनगटावर ठेवून ती बाजूला टाकत होती. एक शेड वरचाही तिनं टाकला.