बाबांच्या कानासाठी केलेली गाडी

बाबांचे कान चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत गेले. जमिनीखाली सुरुंग लावणाऱ्या टोळीत होते ते. सुरुंग पेटवून आडोशाला बसायचं आणि बार बोटांवर मोजायचे. लावले तितके फुटले की मगच माणसं आत सोडायची. दिवाळीनंतर मात्र ते मंडईच्या जत्रेत खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा उभ्यानं रंगणारा तमाशा, गायचे. आंबागडच्या मंडईत बाबा डफ घेऊन उभे राहिले की बाया चुलीवरचं तसंच टाकून यायच्या, असं आई सांगते. आता तिनं कानाशी बोंब मारली तरी म्हणतात, "जेवलो ना!" अन् अलीकडे बसल्या बसल्या मधूनच खाणीत उतरतात. आपणच त्यांना वर आणायचं.

कानाचं मशीन लावून पाहिलं. "माश्या घोंगावून रायल्या," म्हणाले आणि काढून फेकलं. डॉक्टर म्हणाला, नस मेली आहे, नाद सोडा. मी मनात म्हटलं, तू सोड.

कारण एका वरातीत मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. डीजेच्या गाडीला पाठ टेकून बाबा उभे होते, ते एकाएकी हसले. छातीवर हात ठेवून ओरडले, "आयकू येते बे मले!" झालं! माझ्या डोक्यात बसलं की आवाजच मोठा पाहिजे. त्यांच्या गाण्याची एक जुनी कॅसेट घरात होती, ती पेनड्राइव्हवर भरून आणली. माणसाला मरायच्या आधी आपलं गाणं एकदा ऐकू यावं, एवढंच मला पाहिजे होतं. जास्त मागितलं का?

तुमसरच्या वायरमननं माझ्या जुन्या कारमध्ये अॅम्प्लिफायर आणि डिक्कीत भलेमोठे वूफर बसवले. पहिल्याच ठोक्याला हेडलाइट मिणमिणले, दुसऱ्याला सगळंच बंद.

"गाडीत दमच नाई भाऊ," तो म्हणाला. "हे मशीन करंट पिते. गाडी देईन कुठून?"

मग गाडीत दम भरणं सुरू झालं. गाडीची वीज बनवणारा आल्टरनेटर बदलून मोठा टाकला. मागे दुसरी बॅटरी ठेवली. इंजिनापासून डिक्कीपर्यंत अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल ओढली. तरी ढोलकी वाजली की लाइट मिणमिणायचेच! माझं टाळकं सरकलं, वायरमनला नाही नाही ते बोललो. शेवटी सापडलं. अर्थची वायर जुनीच होती, बारीक, आणि तीही रंगावरच कसलेली. रंग खरवडून जाड वायर लावली तेव्हा कुठे लाइट स्थिर राहिले. काचा मात्र थरथरायला लागल्या.

"बाप्पा! गाडी हाय का वरात?" आई म्हणाली. "बैल गेला अन् झोपा केला."

"तू चूप राय माय," मी खेकसलो. पण गाणं ऐकवायच्या दिवशी तिनंच पेटीतला बाबांचा गुलाबी फेटा काढला, झटकला आणि स्वतःच्या हातानं बांधून दिला.

दुपारी गाडी तलावाच्या पाळीवर नेली. बाबांना पुढच्या सीटवर बसवलं, पाठ टेकवली, डोळे मिटायची खूण केली. बटन दाबलं. आधी डफ, मग ढोलकी, आणि मग त्यांचा आवाज आला. कोवळा, खणखणीत. मी तो आवाज कधी समोर ऐकलाच नव्हता. आई गाडीबाहेर पदर तोंडाला लावून रडत होती. बाबांचं कपाळ आखडलं. मांडीवरचं एकेक बोट दुमडू लागलं.

"ताल धरला माय! ताल धरला!" मी ओरडलो.

एक कडवं संपलं आणि ढोलकी थांबली. बाबांनी खाडकन डोळे उघडले. माझं मनगट असं आवळलं की हाड दुखलं. चेहरा पांढराफटक.

"एक कमी फुटला," ते म्हणाले. "सुरुंग जिवंत हाय आतमंदी. कोनाले जाऊ देऊ नोको!"

तोवर पुढचं कडवं सुरू झालं होतं. मी गाणं बंद केलं. त्यांचा हात सुटत नव्हता, डोळे समोरच्या पाण्याकडे लागलेले.

"नाई जाऊ देत बाबा," मी म्हणालो. "कोनालेच नाई जाऊ देत."

तेही त्यांना ऐकू गेलं नाही.